झाकणवाले काका

आभाळ भरून आलं की मला घरात बसवत नाही. आधी गच्चीवर जातो, मग फाटकाशी, मग पुन्हा गच्चीवर. बायको म्हणते, पायाला भिंगरी लागली आहे. पूर्वी या चकरांत एक ऐटही होती, कारण फाटकाच्या मागे, कूलरच्या रिकाम्या सांगाड्याला टेकून, माझा आकडा उभा असायचा.

तो मी लकडगंजातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून खास करून घेतला होता. दोन हात लांब जाड सळई, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला वळवलेला हूक. आमच्या गल्लीच्या मधोमध गडर लाइनचं चेंबर आहे. घराघरांतलं संडास-बाथरूमचं पाणी याच लाइनीतून जातं. चेंबरवर बिडाचं जड झाकण, त्याला कडेशी एक भोक. त्या भोकात हूक अडकवायचा, पाय रोवायचे आणि कंबर मागे झोकायची. झाकण वीतभर सरकलं की रस्त्यावर साचलेलं पावसाचं पाणी गरगरत आत शिरतं आणि दहा मिनिटांत रस्ता मोकळा होतो. मग त्या उघड्या तोंडात कडुलिंबाची फांदी रोवायची, म्हणजे एखादा स्कूटरवाला आत जाणार नाही.

गल्लीतली पोरं मला झाकणवाले काका म्हणायची. पाऊस धरला की समोरचे बँकवाले त्यांच्या ओट्यावरून हाक मारायचे, "काका, टाइम झाला!" मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरायचो. बायका खिडक्यांतून बघायच्या. पाणी ओसरलं की कुणाकडून तरी चहा यायचा, सोबत भजी. मला हे सगळं आवडायचं. पाटबंधारे खात्यात मी आरेखक होतो. आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले. त्यातले निम्मे कालवे कागदावरच राहिले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाणी माझ्या डोळ्यांदेखत माझं ऐकत होतं.

पाणी साचायचं कारण तसं साधं. आमच्या घराला पूर्वी तीन पायऱ्या चढून यावं लागे. मग गल्लीत सिमेंट रोड झाला, जुन्या डांबरावरच ओतला, आणि दोन पायऱ्या त्याच्या पोटात गेल्या. उरली एक. रस्त्याच्या कडेला पावसाळी नाली आहे, नवी, सिमेंटची, वर स्लॅब टाकलेली. फक्त पाणी आत घेणारी तिची तोंडं रस्त्याहून दोन बोटं उंच आहेत. पाणी तिथपर्यंत जातं, थबकतं आणि आमच्या फाटकाकडे वळतं. याबद्दल मी तीन अर्ज दिले होते, तिन्ही नकाशासकट. नकाशे सुंदर होते. उत्तर आलं नाही, मग म्हटलं, आपला हात जगन्नाथ.

माझी मोठी बहीण आमच्या खालच्या अंगाला तिसऱ्या गल्लीत राहते. भाऊजी गेल्यावर तिने खापा गावातलं घर विकलं आणि नागपूरला आली. तिचा मुलगा पुण्यात, अकराव्या मजल्यावर. तो तेव्हाच म्हणत होता की आई, इकडेच ये. ताई म्हणाली, अकराव्या मजल्यावर मी काय पाखरं मोजू? भावाजवळ राहीन. तिचं हे घर मीच शोधलं. दलालच जरा चाचरत म्हणाला होता की साहेब, प्लॉट थोडा खोलगट आहे. मी त्याला गप्प केलं. डोळा बारीक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि ताईला म्हटलं, घे, लेव्हल बरोबर आहे. त्यानंतर ती येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगायची, "माह्या भावानं पाह्यलं आहे. तो इरिगेशनमधी होता."

तीन पावसाळे बरे गेले. मग आमचा रोड झाला आणि पुढच्याच पावसाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला.

"ये गा जरा. बाथरूममधी पाह्य काय आलं."

मी नुकताच झाकण उघडून, फांदी रोवून, टॉवेलने पाय पुसत बसलो होतो. तसाच स्कूटर काढून गेलो. तिच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. जाळीवर तिने रेतीची थैली ठेवली होती, तर ते कमोडच्या बुडातून यायला लागलं. उंबरा ओलांडून ते स्वयंपाकघरात शिरलं होतं, ओट्याखालच्या कांद्याच्या टोपलीपर्यंत. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. ताईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. तिला वाकता येत नाही. ती एका हाताने भिंत धरून दुसऱ्या हाताने खराट्याने ते पाणी मागे लोटत होती आणि ते पुन्हा येत होतं.

मी महानगरपालिकेला मनसोक्त शिव्या घातल्या. ताईच्या समोर, शेजाऱ्यांच्या समोर, फोनवर. आमच्या गल्लीतलं पाणी मी एकटा काढतो आणि यांना एक लाइन सांभाळता येत नाही, असंही बोललो. ते बोललेलं मला आज शब्दन् शब्द आठवतं आणि कानशिलं गरम होतात.

त्या पावसाळ्यात असं तीनदा झालं. पुढच्या वर्षी आषाढातच दोनदा. दुसऱ्या वेळी ताईने सगळं घर फिनाइलने धुऊन काढलं, आंघोळ केली, मला चहा दिला आणि शांतपणे म्हणाली,

"आता आणखी एक डाव आलं ना, तं मी पुण्याले चालली. पोराले सांगून टाकलं. घर विकून टाक म्हणते तो."

"काहून वं ताई, असं करते? मी लावतो ना पिच्छा."

"तू लाव. मी गिनती करून राहिली."

ताई धमक्या देत नाही. लहानपणी ती म्हणायची, पुन्हा माझ्या पाटीला हात लावलास तर बोलणार नाही, आणि चार-चार दिवस बोलायची नाही. आई गेली, भाऊजी गेले. मला 'गा' म्हणून हाक मारणारं एकच माणूस आता उरलं होतं. रविवारी सकाळी तिच्याकडे पोहे खायचे आणि जुन्या नातेवाइकांची उणीदुणी काढायची, यासाठी मी आठवडाभर जगायचो म्हटलं तरी चालेल. ती गेली असती तर माझं या शहरात घर उरलं असतं, बाकी काही नाही.

मी महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात ठाण मांडून बसलो. रोज सकाळी दहाला हजर. शेवटी मला टाळण्यासाठीच त्यांनी एक माणूस दिला. पन्नाशी उलटलेला, काळा, शिडशिडीत, खाकी हाफ पँट, खांद्यावर बांबूच्या लांब कमच्यांची मोळी. लाइन तुंबली की त्या कमच्या एकीला एक बांधून तो आत घालायचा. त्याच्याशी बोलताना मला वाटलं होतं की याला नकाशा समजावून सांगावा लागेल. त्याने माझा नकाशा आदराने घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि ताईकडून वर लाइन शोधत येऊन आमच्या गल्लीतल्या चेंबरपाशी उकिडवा बसला. झाकणाला कान लावला. मग बोटाने झाकणाच्या कडेची माती खरवडली.

"काका, पावसात हे झाकण कोनी खोलते का?"

"छे! कोणाची हिंमत आहे?" मी म्हणालो.

त्याने कडेवरचे चकचकीत ओरखडे अंगठ्याने चोळले. मी त्याच सकाळी आकडा फाटकामागून काढून दिवाणाखाली सरकवला होता. का सरकवला, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आमची लाइन पूर्वेच्या मोठ्या नाल्याकडे जाते आणि ताईची दक्षिणेच्या, असं मी मनाशी ठाम धरलं होतं. तसा नकाशा मी पाहिला नव्हता, पण चढ-उतार माझ्या डोळ्यांना कळत होते. तरी आकडा दिवाणाखाली गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"असं नाही कळत," तो उठत म्हणाला. "रंग टाकून पाहू. पानी असल तवाच. पाऊस येऊ द्या, मी येतो."

त्याच्याकडे पुडीत लाल रंग होता, कापड रंगवायचा. वरच्या चेंबरमध्ये टाकायचा आणि खाली कुठे निघतो ते पाहायचं. सगळ्या गल्ल्यांच्या पोटात कोणती लाइन कुठे जुळली आहे, हे ऑफिसातल्या कागदापेक्षा या रंगावरून जास्त कळतं, असं तो म्हणाला. नंतरच्या लोकांनी मधेच पाइप जोडले, कुणी गच्चीचं पाणीही त्यातच सोडलं. माझ्या गच्चीचा पाइपही त्याच लाइनीत सोडलेला होता. मी मान हलवली, जणू लोक काय काय करतात पाहा.

ताईला हा प्रयोग सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मंजे पुन्हा पानी येणार?"

"तपासायसाठी वं ताई."

"बरं. हे गिनतीत नाही धरत."

चारच दिवसांनी दुपारी पाऊस आला. तो माणूस आमच्या गल्लीत चेंबरवर उभा राहिला आणि मला म्हणाला, तुम्ही तुमच्या ताईच्या घरी जा, फोन चालू ठेवा. मी ताईच्या बाथरूमच्या दारात उभा राहिलो. ताई माझ्या शेजारी, हातात खराटा. दोघेही अनवाणी. फोनमधून पावसाचा आवाज येत होता, मग त्याच्या सब्बलीचा, म्हणजे पहारीचा, मग झाकण सरकल्याचा. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"टाकला," तो म्हणाला.

काही झालं नाही. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलून टाकला. मग जाळीत गुडगुड झाली. काळं पाणी आलं, नेहमीसारखं, जाळीभोवती फिरलं आणि पसरलं. माझा जीव भांड्यात पडला; काळंच तर आहे. आणि त्याच्या मागून लाल आलं. आधी सुतासारखं, मग भरभरून. फरशीभर झालं. माझ्या पायांवरून गेलं, ताईच्या पायांवरून गेलं आणि उंबऱ्याकडे निघालं.

"काका, आला का रंग?"

ताई माझ्याकडे पाहत होती. माझं तोंड उघडलं आणि त्यातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो,

"नाही."

"नीट पाहा."

"नाही म्हटलं ना. काळंच आहे."

फोन बंद केला. ताई पुढे झाली. "सरक," एवढं म्हणाली आणि खराट्याने ते लाल पाणी मागे लोटायला लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत ओरडतात तसं ती पुटपुटत होती, "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत." लहानपणी कुठलीही घाण काढताना आई हेच म्हणायची. मी खराटा मागितला, तिने दिला नाही.

अर्ध्या तासाने तो माणूस आला तेव्हा फरशी धुतलेली होती. तो म्हणाला, वरचे बाकी चेंबर मी पाहून घेतले, त्यांत पाणी घुसत नाही; तुमच्या चेंबरचा रंगही इथे नाही आला, तर मग दोष बाहेरच्या लाइनीत नाही. घराच्या आतली लाइन खचली असेल. बाथरूमची फरशी फोडून पाहावं लागेल. सोमवारी मिस्त्री घेऊन येतो.

"फोडा," ताई म्हणाली.

तो गुरुवार होता. ते चार दिवस मी कसे काढले, मला माहीत. रंग पायांना बसला होता. घरी येऊन साबण लावला, रॉकेल लावलं, लिंबू चोळलं, नखांच्या कडा आणि टाचेच्या भेगा लालच्या लाल. बायकोने पाहिलं तर विचारेल म्हणून मोजे घातले. श्रावणातल्या दमट उकाड्यात, घरात, दिवसभर मोजे. ती म्हणाली, ताप आहे का? मी तिच्यावर खेकसलो. बसलो की उठायचो, उठलो की पुन्हा बसायचो. वर्तमानपत्र तीनदा वाचलं. भाजीला गेलो आणि पिशवी तिथेच विसरून आलो. दहा वेळा फोन हातात घेतला. कुणाला सांगायचं आणि काय? की ताईच्या घरात जी घाण येते ती मीच, आकड्याने, विजार दुमडून, भजी खात खात पाठवतो? त्या माणसाला कळेल, झोन ऑफिसला कळेल, गल्लीला कळेल. आणि दरवेळी शेवटी मन एकाच जागी यायचं. ताईला कळलंच होतं. तिने पाहिलं होतं. मग ती बोलत का नव्हती? रविवारी पोह्याला गेलो नाही. तिचाही फोन आला नाही.

सोमवारी गेलो, मोजे घालूनच. तो माणूस मिस्त्रीला घेऊन आला होता. मिस्त्रीने छिन्नी पाजळली, बादल्या बाहेर काढल्या. भाऊजींच्या फंडातून उरलेल्या पैशांत ताईने ते बाथरूम स्वतःच्या गुडघ्यांसाठी नीट करून घेतलं होतं. न घसरणारी फरशी, भिंतीला धरायला दांडा. ताई दारात खुर्चीवर बसली होती. तो माणूस आत जायला वाकला आणि थांबला.

"माय, पाय लाल कायनं झाले?"

ताईने साडी पायांवर ओढली नाही, काही नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आलता लावला होता."

भाऊजींना जाऊन सात वर्षं झाली. तेव्हापासून तिने कपाळाला टिकली लावली नाही, हातात रंगीत बांगडी घातली नाही. मी कितीदा म्हटलं, आता कोण पाळतं हे, तरी नाही. आणि दोन परक्या पुरुषांसमोर ती म्हणाली, आलता लावला. मिस्त्रीने मान खाली घातली. तो माणूस तिच्या पायांकडे पाहत राहिला, मग हळूच त्याची नजर माझ्या मोज्यांवर आली.

मिस्त्रीने पहिल्या फरशीवर छिन्नी ठेवली.

"थांबा," मी म्हणालो. आवाज एवढा मोठा निघाला की शेजारची बाई कुंपणापाशी आली. "रंग आला होता. फोडू नका. रंग आला होता आणि मी नाही म्हणालो. झाकण मीच उघडतो." बोलता बोलता मी खाली बसून मोजे काढायला लागलो, का ते कळत नाही, पुरावा द्यायचा होता बहुतेक.

त्या माणसाने कमच्यांची मोळी भिंतीला टेकवली. रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं. "मले वाटलंच होतं, काका. झाकनाच्या कडेले नवे ओरखडे होते. तुम्ही शिकलेले मानूस. गडर लाइन घरच्या पान्यापुरती असते, ढगाचं पानी तिच्यात मावन का? जे मावत नाही ते कुठूनतरी निघतेच. सगळ्यात खाली जो राहते त्याच्या घरातून." मग म्हणाला, "आमाले कितीकदा त्याच पान्यात उतरावं लागते." तो आणि मिस्त्री सामान उचलून गेले. चहा नको म्हणाले.

आम्ही दोघंच उरलो.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"मागच्या वर्षीच्या दुसऱ्या डावापासून. बँकवाल्याची बायको फोनवर तुह्या बढाया सांगून राहिली होती, काकांनी आताच झाकण खोललं म्हणे. तिचा फोन सुरू असतानाच माह्या इथं गुडगुड सुरू झाली."

"मग सांगितलं काहून नाही वं?"

"कळलं असतं तुले. इरिगेशनमधी होता ना." पहिल्यांदाच तिचा आवाज चिरका झाला. "पान्याचं काय आहे गा, फिनाइल टाकलं की जाते. तू माह्यासमोर उभा राहून, तुह्या पायावर लाल पानी, अन् नाही म्हणाला. पुण्याले गेली असती ना मी, तं पान्यापायी नाही, तुह्यापायी गेली असती. सोमवारपावेतो वाट पाहू म्हटलं."

मी रडलो. साठी उलटलेल्या माणसाने बहिणीच्या बाथरूमच्या दारात बसून रडावं हे काही शोभत नाही, पण रडलो. तिने मला रडू दिलं आणि मग म्हणाली, पोहे भिजवले आहेत, हात धू.

त्याच संध्याकाळी मी आकडा तिच्या घरी नेऊन दिला. तिने तो बाथरूमच्या भिंतीवर, धरायच्या दांड्याच्या वर, खिळ्याला टांगला. गच्चीचा पाइप गडर लाइनीतून काढून अंगणात सोडला. बँकवाल्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हो हो, बरोबर आहे, खालच्यांचाही विचार करायलाच हवा. त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी मारबत. शहरात मिरवणूक संपली असेल-नसेल तेवढ्यात दुपारी असा पाऊस कोसळला की समोरचं घर दिसेना. मी गच्चीवर, फाटकाशी, पुन्हा गच्चीवर. फाटकामागे हात गेला, तिथे काही नव्हतं. पाणी रस्त्यावर चढलं, नालीच्या तोंडापर्यंत गेलं, थबकलं आणि वळलं.

"काका, टाइम झाला!"

"आकडा ताईकडे आहे," मी ओरडलो. "तिच्या बाथरूममध्ये टांगला आहे. तिला सांगा कशाला पाहिजे आणि घेऊन या."

कोणी गेलं नाही. थोड्या वेळाने बँकवाले छत्री घेऊन ओट्यावरून उतरले. त्यांच्या हातात सब्बल होती. म्हणाले, आज एका दिवसापुरतं, काका, आमच्या हॉलमध्ये नवं फर्निचर आहे. त्यांच्या हातून सब्बल हिसकावली असती तर मारामारी झाली असती, आणि खरं सांगायचं तर माझेच हात ती घ्यायला शिवशिवत होते. दहा मिनिटांचं काम. मी व्हरांड्यातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, पाण्यातून चालत गेलो, झाकणावर ठेवली आणि बसलो. बँकवाले माझ्याकडे बघत राहिले. "बह्याड झाले का काका?" ते म्हणाले. मी म्हटलं, हो, झालो वेडा. ते बराच वेळ बडबडले आणि आत गेले, दार आपटून.

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. खुर्चीखालून झाकणाच्या भोकातून बुडबुडे येत होते. उरलेली ती एक पायरी दिसेनाशी झाली. बायको उंबऱ्यात पोत्यांचा बांध घालत होती, माझ्या नावाने काय काय म्हणत होती. पिशवीत गुंडाळलेला फोन वाजला. ताई.

"कोरडं आहे गा," ती म्हणाली. "जाळीजवळ बसून आहो घंटाभर. एक थेंब नाही."

मी नुसतं हं म्हटलं.

"तुह्याकडे आलं का पानी?"

"नाही आलं," मी म्हणालो.

त्याच वेळी दारातून बायको जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो, घुसलं ना आत! हॉलमध्ये आलं, उठा तिथून!"

मग ताई म्हणाली,

"बरं. सोफ्याखाली विटा लाव म्हणा तिले. मी पोहे भिजवते."